मदत हवी आहे: तळ्यावर ड्राय हायड्रंट बसवू देताना करार कसा करावा?

नमस्कार. आम्ही अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात राहतो. येथे नळयोजना नसल्याने आग लागली की स्वयंसेवी अग्निशमन दलाचे टँकर खेपा घालतात आणि रस्त्याकडेला उभारलेल्या घडीच्या टाकीत पाणी ओततात. शेजारचा गोठा पेटला त्या रात्री त्या टाकीशी हेल्मेट घालून उभा होता तो आमचा नेहमीचा प्लंबर. आता दलाने आमच्या तळ्यात ६ इंची पाइप टाकून काठावर ड्राय हायड्रंट (म्हणजे अग्निशमन बंबाला जोडून तळ्यातले पाणी खेचून घेण्यासाठीचे पाइपचे तोंड) बसवण्याची परवानगी मागितली आहे. पाइप जमिनीत खोलवर असल्याने पाणी गोठत नाही, हे समजले; परंतु पाइपच्या तळ्यातील टोकाला असलेल्या जाळीत गाळ साचल्यास ती कोणी साफ करायची आणि अपघाताची जबाबदारी करारात कशी लिहावी? चिकन बार्बेक्यू विकून डिझेलचा खर्च भागवणाऱ्या या मंडळींना नकार देववत नाही. कोणी असा करार केला असल्यास कृपया त्यातील कलमे कळवावीत.