पीव्हीए हायड्रोजेल ड्रेसिंग: जोड वाढवले की शोषण घटतं, कमी ठेवले की फाटतं

एमफार्म_नागपूर
१० टक्के पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) ड्रेसिंग फ्रीझ-थॉ म्हणजे गोठवण-वितळवण पद्धतीने करतेय. रात्रभर उणे २० अंशांवर, मग टेबलावर वितळवायचं, अशा तीन फेऱ्या. पेट्री डिशमधून सोडवताना शीट फाटते. फेऱ्या दुप्पट केल्या तर मजबूत होते, पण पांढरी पडते आणि फुगत नाही. गाइड सर ग्लुटाराल्डिहाइड (रासायनिक जोड पाडणारं द्रव्य) घाला म्हणतात. मध्यम स्रावाच्या जखमेसाठी हवंय, आत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक. काय करावं?

पॉलिमर_धरमपेठ
ताई, आधी पीव्हीएच्या बाटलीवरचं हायड्रॉलिसिस (किती टक्के अ‍ॅसिटेट गट काढलेत ते) वाचा. ८७-८९ टक्केवालं असेल तर फाटण्याचं कारण तिथेच सापडेल. या पद्धतीत बारीक स्फटिक हेच पॉलिमरच्या साखळ्यांमधले जोड (क्रॉसलिंक) असतात आणि उरलेले अ‍ॅसिटेट गट ते बनू देत नाहीत. ९८-९९ टक्केवालं घ्या. गार डिस्टिल्ड पाण्यात भुरभुरून अर्धा तास फुगू द्या, मग ९० अंशांच्या वर दोन-तीन तास ढवळा. भांडं झाकलेलं हवं. शेवटी वजन करून उडालेलं पाणी भरून काढा, नाहीतर १० टक्क्यांचे १२ कधी झाले ते कळत नाही.

आणि वितळवणं टेबलावर नको. पेपरातलं ‘खोलीचं तापमान’ २०-२५ अंश असतं. आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद असला की लॅब चाळिशीला पोचते. स्फटिक वाढतात ते मुख्यतः शून्याच्या जरा खाली, सावकाश वितळताना. तो टप्पा झटक्यात गेला तर फेऱ्या होऊनही जाळी विरळ राहते. डिश थर्माकोलच्या डब्यात ठेवून डबा फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा. फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री असेल तर तो मधूनमधून स्वतःच गरम होतो, म्हणून साधा डीप फ्रीझर बरा.

जखम_आणि_जेल
वरच्याशी सहमत. फेऱ्या वाढवून शोषण का घटतं तेही लक्षात घ्या. जोड दाट झाले की दोन जोडांमधली साखळी आखूड होते, तिला ताणायला वाव उरत नाही, म्हणून पाणी कमी मावतं आणि शीट ताठ होते. ताठ शीट गुडघ्या-घोट्यावर बसत नाही, कडा उचलल्या जातात आणि स्राव तिथूनच गळतो. तुमच्या जखमेला मधली घनता हवी, सर्वांत मजबूत शीट नव्हे.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा रेणू जेमतेम ३३१ डाल्टनचा आहे. जाळी थोडी दाट केल्याने तो फारसा अडत नाही, प्रथिनं अडतात. औषध हळू सोडवण्यासाठी क्रॉसलिंकिंग वाढवू नका, शोषण हातचं जाईल.

फुगण्याचं मोजमाप नुसत्या पाण्यात नको, जखमेच्या स्रावासारख्या द्रावणात करा. लिटरला ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट हे द्रावण घ्या. फुगण्यासोबत जेल फ्रॅक्शनही काढा: वाळवलेल्या तुकड्याचं वजन, २४ तास पाण्यात, पुन्हा वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं. बरंच वजन गेलं तर तेवढं पीव्हीए जाळीत अडकलेलंच नव्हतं, ते जखमेत उतरेल.

बाष्प जाण्याचा दर दिवसाला चौरस मीटरमागे २,०००-२,५०० ग्रॅमच्या आसपास असावा. तो आर्द्रता नियंत्रित चेंबरमध्येच मोजा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत उघड्यावर आकडा उगाच फुगतो.

एमफार्म_नागपूर
बाटली ८८ टक्केवालीच आहे. म्हणजे ग्लुटाराल्डिहाइड नकोच का?

पॉलिमर_धरमपेठ
या कामासाठी नकोच. पीव्हीएशी ते आम्लाशिवाय जुळत नाही, म्हणून उरलेलं अल्डिहाइड आणि आम्ल दोन्ही धुवावं लागतं. अल्डिहाइड नव्या पेशींना घातक, आणि धुताना औषधही जातं. औषध आधीच घातलं तर त्यातला अमाइन गट अल्डिहाइडशी गुंतू शकतो. सर आग्रह धरतील तर उरलेलं अल्डिहाइड बांधणाऱ्या ग्लायसिनच्या द्रावणात बुडवून, पाणी बदलत धुवा आणि औषध त्यानंतर शोषवा.

जखम_आणि_जेल
निर्जंतुकीकरणाचं आत्ताच ठरवा. फ्रीझ-थॉ जेल ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, स्फटिक वितळून पुन्हा द्रावण होतं. गॅमा किरणांचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे, पण ओल्या पीव्हीएत तो स्वतःही जोड पाडतो. भाभा अणुसंशोधन केंद्राची पीव्हीए ड्रेसिंगं विकिरणानेच जोडलेली आहेत. म्हणून एक-दोन फेऱ्या कमी करून शीट पाठवा, आणि फुगणं, ताण, औषध सुटणं हे सगळं विकिरणानंतरच्या नमुन्यावर मोजा. औषधाची मात्राही तेव्हा पुन्हा तपासा, किरणांनी थोडं खराब होऊ शकतं.