'द हर्ट लॉकर'ला मिळालेले सहा ऑस्कर कितपत योग्य होते?

प्रश्न: नौपाडेकर (ठाणे)

आम्ही नौपाड्यातील काही चित्रपटप्रेमी दर महिन्याला कोणाच्या तरी घरी जमून एखादा गाजलेला चित्रपट पाहतो. या वेळी कॅथरिन बिगेलो यांचा 'द हर्ट लॉकर' पाहिला आणि चर्चा जवळजवळ भांडणापर्यंत गेली. 2004 सालच्या बगदादमध्ये बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकी पथकाची ही कथा आहे. मार्च 2010 मधील 82व्या ऑस्कर सोहळ्यात तिला नऊ नामांकनांपैकी सहा पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा, संकलन, ध्वनिसंमिश्रण आणि ध्वनिसंपादन. आमच्यातील लष्करातून निवृत्त झालेल्या एका काकांचे म्हणणे असे की, त्या पथकाचा प्रमुख सार्जंट जेम्स याच्यासारखा बेशिस्त माणूस कोणत्याही तुकडीत आठवडाभरही टिकला नसता, त्यामुळे सगळा डोलारा खोटा ठरतो. दुसऱ्यांना वाटते की, प्रथमच एका स्त्रीला दिग्दर्शनाचा ऑस्कर द्यायचा म्हणून आणि 'अवतार'ला रोखायचे म्हणून मते पडली. जाणकारांनी कृपया आपले मत कारणांसह द्यावे.

उत्तर 1: ध्वनिवेडा (ऐरोली)

सहाही पुरस्कारांना एकच हो किंवा नाही लावले, तर हा वाद मिटणार नाही, कारण प्रत्येक पुरस्कार वेगळ्या कामासाठी असतो. मी डबिंगच्या क्षेत्रात असल्याने ध्वनीपासून सुरुवात करतो. वाळवंटात दूरवरच्या बंदूकधाऱ्याशी होणारी झुंज पुन्हा एकदा चांगले हेडफोन लावून पाहावी. बराच वेळ कोणी काही करत नाही; वारा, श्वास, जेम्सचा सहकारी सॅनबोर्न याच्या डोळ्यापाशी बसलेली माशी, रक्ताने माखल्यामुळे बंदुकीत अडकणाऱ्या गोळ्या आणि त्या पुसून देताना दुसरा सहकारी एल्ड्रिज याची होणारी तारांबळ, एवढ्यावरच ताण उभा राहतो. पार्श्वसंगीत कोठे संपते आणि परिसराचा आवाज कोठे सुरू होतो, हे अनेकदा कळतही नाही. पॉल ऑटोसन यांना ध्वनीचे दोन्ही पुरस्कार मिळाले (संमिश्रणात रे बेकेट यांच्यासह), याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

संकलनाचेही तसेच आहे. बॅरी अक्रॉइड यांनी सुपर 16 मिलिमीटरच्या अनेक कॅमेऱ्यांनी, बहुतेक हातात धरून, एकाच वेळी वेगवेगळ्या कोनांतून जॉर्डनमध्ये चित्रीकरण केले आणि त्यातून जवळपास 200 तासांची सामग्री जमा झाली. बॉब मुरावस्की आणि क्रिस इनिस यांनी त्यातून अशी रचना केली आहे की, बॉम्ब कोठे, जेम्स कोठे आणि गच्चीवरून पाहणारा अनोळखी माणूस कोठे, याचा गोंधळ प्रेक्षकाला सहसा होत नाही. हलत्या कॅमेऱ्याच्या युद्धपटांत हे दुर्मीळ आहे. छायालेखनाचा ऑस्कर मात्र 'अवतार'ने नेला. त्याच वर्षी ब्रिटनच्या बाफ्टाने तो अक्रॉइड यांना दिला होता, आणि माझ्या मते बाफ्टाचाच निर्णय बरोबर होता.

उत्तर 2: नेरुळकर

ध्वनिवेडा यांच्याशी मी सहमत आहे. माझा आक्षेप पटकथेच्या पुरस्काराला आहे. मार्क बोल हे पत्रकार म्हणून इराकमध्ये अशा पथकासोबत राहिले होते, आणि पूर्वार्धातील तपशिलांत तो अनुभव दिसतो. परंतु टँकरच्या स्फोटानंतर जेम्स दोन सहकाऱ्यांना घेऊन अंधाऱ्या गल्ल्यांत शिरतो आणि तिघे वेगवेगळ्या वाटांनी जातात, तेथे अनुभव संपून साहसपटाचा साचा सुरू होतो. आपल्या काकांची तक्रार मला रास्त वाटते ती याच ठिकाणी. गणवेशाचा नमुना 2004 नंतरचा आहे, ही अमेरिकी माजी सैनिकांची टीका मी फारशी मनावर घेत नाही. पण पथक असे विखुरणे ही पात्रांची नव्हे, लेखकाची गरज आहे. त्याच गटात 'द मेसेंजर' होता. मृत सैनिकांच्या घरी जाऊन बातमी सांगणाऱ्या दोन लष्करी माणसांची ती गोष्ट एकही लढाई न दाखवता युद्धाविषयी अधिक सांगते. पटकथेचा ऑस्कर मी तिला दिला असता.

उत्तर 3: कोपरीचा वाचक (ठाणे पूर्व)

नेरुळकरांनी बेकहॅमचा प्रसंग विचारात घेतलेला दिसत नाही. सापडलेला मृतदेह डीव्हीडी विकणाऱ्या या मुलाचाच आहे असे समजून जेम्स एकटा तळाबाहेर जातो, एका प्राध्यापकाच्या घरात घुसतो आणि हात हलवत परततो. पुढे तोच मुलगा जिवंत समोर येतो, तेव्हा जेम्स त्याच्याशी बोलतही नाही. येथे पटकथा नायकाच्या शौर्याला पोकळ ठरवते. शिस्तभंग हा तिचा दोष नसून विषय आहे. काकांना हे अवश्य सांगावे.

माझी अडचण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराशी आहे. जॉर्डनमध्ये आश्रय घेतलेल्या अनेक इराकी निर्वासितांनी या चित्रपटात कामे केली. पडद्यावर मात्र इराकी माणूस बहुधा गच्चीवरचा संशयित, बळी किंवा गर्दी एवढाच राहतो. सैनिकाच्या नजरेतून पाहायचे तर असेच दिसणार, हा बचाव दिग्दर्शनाच्या पुरस्कारासाठी पुरतो, वर्षातील सर्वोत्तम चित्रपट ठरवताना मला तो अपुरा वाटतो.

'अवतार'ला रोखण्याच्या तर्काबद्दल: दोन्ही चित्रपटांना नऊच नामांकने होती आणि त्याचे दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन हे बिगेलो यांचे पूर्वाश्रमीचे पती, त्यामुळे वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. शिवाय 'द हर्ट लॉकर'च्या एका निर्मात्याने ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सदस्यांना ईमेल पाठवून प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मत मागितले, तेव्हा अकादमीने त्यालाच सोहळ्याला येण्यास मनाई केली. मात्र त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटात दहा नामांकने होती आणि मतदान पसंतीक्रमाने झाले. सर्वांत कमी मते मिळालेला चित्रपट बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची, असे कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत चालते. या पद्धतीत अनेकांच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या चित्रपटाला फायदा होतो. तेव्हा कटापेक्षा पद्धतीकडे पाहणे अधिक उपयोगाचे.

नौपाडेकर

सर्वांचे आभार. बेकहॅमचा मुद्दा काकांना वाचून दाखवला. त्यांचे उत्तर असे: "विषय असला तरी त्याला शिक्षा कोठे होते?" पुढच्या महिन्यासाठी 'द मेसेंजर' ठरवला आहे.

नेरुळकर

काकांना सांगावे की, त्याच अंधाऱ्या गल्लीत जेम्सची गोळी एल्ड्रिजच्या पायात शिरते आणि हेलिकॉप्टरने नेले जाताना एल्ड्रिज त्याला सर्वांदेखत शिव्या देतो. लष्करी न्यायालय नाही, हे मात्र खरे.