रोज टोल ओलांडणाऱ्याला कोणता पास परवडतो?
1 एप्रिल 2026 च्या दरवाढीनंतर नागपूरजवळच्या माथनी किंवा बोरखेडी टोलनाक्यावरून रोज नोकरीला जाणाऱ्यांनी 3075 रुपयांचा (आधी 3000) वार्षिक फास्टॅग पास घ्यावा का, असा प्रश्न आहे. घ्यावा, पण तो वर्षभर पुरेल असं धरू नका.

पास 15 ऑगस्ट 2025 ला आला तो एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल त्या हिशेबानं. अशा नाक्यावर जाणं एक फेरी, येणं दुसरी. महिन्याचे 25 दिवस धरले तर 50 फेऱ्या, म्हणजे चार महिन्यांत पास संपला. 3075 च्या दरानं महिन्याला सुमारे 769 पडतात, फेरीला साधारण 15. नेहमीच्या मासिक पासात 50 फेऱ्या मिळतात आणि दर फेरीला एकेरी दराच्या दोन तृतीयांश पैसे लागतात. एकेरी दर 90 असेल तर महिन्याला थेट 3000! नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहत असाल तर मात्र आधी स्थानिक मासिक पास विचारा, तो सगळ्यांत स्वस्त. आरसी आणि पत्त्याचा पुरावा न्या.

अडतं कुठे? टॅग गाडीच्या नंबराऐवजी चासी नंबरवर नोंदलेला असेल तर वार्षिक पास मिळत नाही. आधी बँकेकडून गाडीचा नंबर चढवून घ्या. पिवळ्या पाटीच्या (व्यावसायिक) गाडीला हा पास नाहीच. समृद्धी महामार्ग राज्याच्या महामंडळाकडे असल्यानं तिथे हा पास चालत नाही, नेहमीचा टोल कापला जातो. आणि 200 फेऱ्या संपल्या की पैसे गुपचूप फास्टॅगच्या वॉलेटमधून जायला लागतात, म्हणून राजमार्गयात्रा ॲपवर शिल्लक फेऱ्या बघत राहा.