भाडेकरूंना सोसायटीच्या ग्रुपवर घेत नाहीत. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

प्रश्न : परभणीची_धायरीत

नमस्कार. मी मूळची परभणीची. नवऱ्याची बदली पुण्यात झाली म्हणून आम्ही धायरीत भाड्याने राहतो. घरात आम्ही दोघं, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई.

सोसायटीत तीन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. पहिला कमिटीचा. त्यावर फक्त ॲडमिन लिहितात आणि फक्त फ्लॅटमालकांना घेतात. दुसरा महिलांचा, त्यात मी आहे. तिसरा ए विंगमधल्या पहिल्यापासून राहणाऱ्या लोकांचा. तो कोणी दाखवत नाही, पण गणपतीची वर्गणी किती, पार्किंग कोणाला, टँकर कोणाचा, हे आधी तिथं ठरतं आणि मग कमिटीच्या ग्रुपवर येतं, असं सगळेच सांगतात.

महिलांच्या ग्रुपवर दिवसभर बोलणं चालू असतं. ए विंगमधून कोणी "विरजण आहे का कोणाकडे?" विचारलं की लगेच तीन घरांतून होकार येतो. संक्रांतीच्या आधी मी विचारलं, हळदीकुंकू कधी ठेवलंय, काही मदत लागली तर सांगा. सगळ्यांनी वाचलं, उत्तर कोणी दिलं नाही. रात्री एका ताईंनी वेगळा फोन करून सांगितलं, "अगं, ते आमचं आपलं चार घरांचं असतं." खाली हॉलमध्ये बी विंगच्या बायकाही गेल्या होत्या. मला फार लागलं ते.

पण ते एक वेळ सोडून देऊ. त्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रोडच्या या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, सगळी आपलीच आजूबाजूची नावं. पाणी उकळून प्या असं सगळीकडे सांगत होते. आमच्या कमिटीनं टाकी धुणार असल्याची आणि टँकरचं पाणी उकळल्याशिवाय न वापरण्याची सूचना फक्त मालकांच्या ग्रुपवर टाकली. आमचे घरमालक नागपूरला राहतात. त्यांनी ती पाहिली नसणार, नाही तर नक्की कळवली असती. मला कळलं ते धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींकडून, कारण त्यांना शेजारच्या सोसायटीत सांगितलं होतं. घरात म्हातारं माणूस, लहान मूल. त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून रडले.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भाडेकरूला सूचनांच्या ग्रुपवर न घेण्याचा काही नियम आहे का? आणि दुसरं, अशा ठिकाणी आपलं माणूस कसं मिळवायचं? सोसायटीच्या कारभारात मला मत नको आहे. पाणी कधी येणार नाही हे वेळेवर कळावं, आणि सासूबाईंना दुपारच्या वेळी कोणाशी तरी दोन शब्द बोलता यावेत, एवढंच.

उत्तर : माजी_सेक्रेटरी_कोथरूड

ताई, नियमाचं आधी सांगतो. सर्वसाधारण सभेत भाडेकरूला मत नसतं, हे खरं. पण सूचना मिळणं आणि मत असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सोसायटीने सूचना फलकावर लावायचीच असते. ग्रुप ही वरची सोय झाली. फलकावर कागद लागला होता का, हे कमिटीला लेखी विचारा. तोंडी विचारलेलं हवेत जातं.

आणखी एक. फ्लॅट भाड्याने दिला की मालकाकडून ना-भोगवटा शुल्क घेतलं जातं. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, पण घेतलं जातंच. म्हणजे तुम्ही तिथं राहता म्हणून सोसायटीच्या तिजोरीत जास्तीचे पैसे जातात. तुम्ही कोणाच्या मेहेरबानीवर राहत नाही.

कमिट्या दोन कारणं पुढे करतात. "ग्रुप भरलाय" आणि "उद्या कोणी काही भलतंच टाकलं तर ॲडमिन अडकेल." एका ग्रुपवर १०२४ जण मावतात, एवढी मोठी आपली सोसायटी नसते. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही; दोघांचा तसा संगनमताने बेत असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ज्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो, तिथे भाडेकरू भलतं टाकणार तरी कसं?

उत्तर : मुठाकाठची

परभणीची ताई, तुझं वाचून मला राहवलं नाही. मी सिंहगड रोडला मुठेकाठच्या एकतानगरीच्या अगदी जवळ राहते, म्हणून जरा लांबलचक लिहिणार आहे.

२५ जुलै २०२४ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरणार नाही. वरती पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं आणि सगळ्यात खाली खडकवासला. खडकवासला नकाशावर मोठं दिसतं, पण त्यात मावतं जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. वर धो धो पाऊस झाला की ते बघता बघता भरतं आणि मग मुठेत पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. त्या पहाटे विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) घरात गेला. लोक झोपेत असताना पार्किंगमध्ये पाणी, मग तळमजल्याच्या घरात पाणी. पुढे बोटी आणून माणसं बाहेर काढावी लागली.

आमच्या सोसायटीत तेव्हा एकच ग्रुप होता आणि त्यावर सगळंच चालायचं. पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो, वाढदिवस, कामवाली हवी आहे, सुप्रभात, देवाचे फोटो. विसर्ग वाढवत असल्याचा मेसेज त्यावर आला होता. रात्री आला आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये खाली गेला. आणि तळमजल्यावर जी चार मुलं भाड्याने राहत होती, एमपीएससीची तयारी करणारी, ती ग्रुपवर नव्हतीच. त्यांना वॉचमनकाकांनी दार वाजवून उठवलं. वॉचमनकाकाही ग्रुपवर नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाणी पाहिलं म्हणून कळलं. मुलं वर आली, पण त्यांची पुस्तकं, नोट्स, सगळं गेलं. एकजण नोट्सचा चिखल झालेला गठ्ठा हातात घेऊन आमच्या दारात उभा होता. तो चेहरा आठवला की आजही मला कमिटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवावा लागतो.

नंतर आम्ही जे केलं ते सांगते, उपयोग होईल. सूचनांचा ग्रुप वेगळा केला. त्यावर पाणी, वीज, लिफ्ट, विसर्ग, आजार एवढंच, शुभेच्छा नाहीत, धन्यवादसुद्धा नाहीत. त्यावर जो कोणी इमारतीत झोपतो तो प्रत्येकजण. मालक असो, भाडेकरू असो, वॉचमन असो, आजींकडे राहणारी केअरटेकर असो. घर रिकामं केलं की नाव काढायचं, नवीन आलं की चावी देतानाच नाव घालायचं. ही जबाबदारी एका माणसाची आहे, सध्या माझी.

आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी प्रत्येक मजल्यावर एक घर ठरवलंय. रात्री-अपरात्री मेसेज आला तर त्या घरानं बाकीच्यांची बेल वाजवायची. आमच्या मजल्यावरच्या आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांची एक चावी माझ्याकडे असते.

गप्पांचा ग्रुप वेगळा आहे, तिथं ज्याला हवं तो आहे. तिथं कोण कोणाला उत्तर देतं यावरून रुसवेफुगवे होतात, होऊ देत. पण पाण्याची बातमी मैत्रीच्या वाटेनं जाता कामा नये. ओळख असो नसो, ती दारापर्यंत पोचलीच पाहिजे.

उत्तर : डोंबिवली_पूर्व

मी थोडं वेगळं बोलतो. तुम्ही ज्या जुन्या लोकांच्या ग्रुपबद्दल लिहिलंय, तसाच आमचाही एक आहे आणि त्यात मी आहे. आमच्या इमारतीत सुरुवातीला जी कुटुंबं राहायला आली, त्यांचा. पाण्याची लाइन नव्हती तेव्हा आम्ही एकत्र बादल्या वाहिल्यात. एकमेकांच्या आईवडिलांना खांदा दिलाय. मागच्या वर्षी आमच्यातला एक मित्र गेला. त्याचे जुने फोटो, त्याची थट्टा, त्याच्या मुलीच्या लग्नाची तयारी, हे सगळं त्या ग्रुपवर असतं. तिथं मी नवीन माणसाला घेणार नाही. त्यात नव्या माणसाचा अपमान नाही. लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षं एकत्र जाणाऱ्यांची एक बाक ठरलेली असते, तसं आहे हे.

मात्र वर्गणी आणि पार्किंग तिथं ठरत असेल तर ते साफ चूक आहे. आमच्याकडे एकदा रंगकामाचं कंत्राट असंच आपापसांत बोलून पक्कं झालं. मी स्वतः म्हटलं, हा विषय इथं नको, सभेत आणा. दोघंतिघं माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हते. पण कंत्राट सभेत आलं आणि ज्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं अशा एका भाडेकरूने, ते पेंटचाच धंदा करतात, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल उपयोगाचं सांगितलं. त्यांच्यातर्फे घरमालकाने प्रश्न मांडला.

हळदीकुंकवाचं मात्र वाईट वाटलं. ते दार उघडं ठेवूनच करायचं असतं.

उत्तर : जिंतूरकर_माणिकबाग

ताई, मी जिंतूरची, म्हणजे तुमच्या परभणी जिल्ह्यातलीच. मलाही इथं पहिली दोन वर्षं फार जड गेली. माझा अनुभव असा की ग्रुपवर सगळ्यांना उद्देशून विचारलं की प्रत्येकीला वाटतं, दुसरी उत्तर देईल. ओळख नसलेल्या बाईचा मेसेज असेल तर हमखास तसंच होतं. त्यापेक्षा एकीलाच विचारायचं, तेही समोर. लिफ्टमध्ये भेटल्या की "काकू, तुमच्याकडे दूध कुठून येतं?" त्यांनी गवळ्याचा नंबर दिला की दुसऱ्या दिवशी "गवळी आला बरं का" म्हणायला कारण मिळतं.

सासूबाईंसाठी ग्रुपच्या नादी लागू नका. जवळच्या देवळात दुपारचं भजनी मंडळ आहे का बघा. आमच्या आत्याबाई ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसल्या आणि पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा त्यांच्याच ओळखी जास्त झाल्या. आता कोणाची सून बाळंत झाली हे मला त्यांच्याकडून कळतं. आणि त्यांना तिथं कोणी मालक की भाडेकरू असं विचारत नाही, गाव कुठलं ते विचारतात.

पुन्हा : परभणीची_धायरीत

सगळ्यांचे मनापासून आभार. माजी सेक्रेटरी काकांनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज दिला, सोबत आमच्या घरमालकांचंही पत्र जोडलं. मुठाकाठच्या ताईंचं उत्तर मी चेअरमन साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते नोट्सच्या गठ्ठ्यापाशी थांबले, म्हणाले, माझाही मुलगा अशाच खोलीत राहून शिकला. सूचनांच्या ग्रुपवर भाडेकरू आणि वॉचमन यांना घ्यायला ते तयार आहेत. कमिटीतल्या दोघांचा अजून विरोध आहे, रविवारी बैठक आहे.

डोंबिवलीचे दादा, तुमचं म्हणणं पटलं. जुन्या मैत्रीत मला जागा नकोच आहे. सासूबाईंना उद्या भजनाला घेऊन जाते.

मुठाकाठच्या ताई, मजल्यावर बेल वाजवणाऱ्या घरांचा कागद तुम्ही कसा केलाय? पावसाळा तोंडावर आलाय, बैठकीत तो घेऊनच जाईन म्हणते.

उत्तर : मुठाकाठची

साधा आहे. एका पानावर मजला, बेल वाजवणारं घर, ते गावाला गेलं तर त्यांच्या बदली कोण, आणि कोणत्या घरात चालता न येणारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे. फोन नंबर त्यात लिहू नका, कागद लिफ्टजवळ लागतो. नंबरांची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये वहीत ठेवा. बदली घराचा रकाना विसरू नका. गणपतीला निम्मी सोसायटी गावाला असते आणि धरणं तेव्हाच भरलेली असतात. तळमजल्यावर कोणी नसेल तरी ती ओळ ठेवा, उद्या कोणी राहायला येईल.