पॅराथायरॉइडचं ऑपरेशन झालं, कॅल्शियम नॉर्मल, पण पीटीएच वाढलेलं! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचं (वय ६१) पॅराथायरॉइडचं (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी) ऑपरेशन मार्चमध्ये झालं. आधी कॅल्शियम ११.८, पीटीएच (याच ग्रंथींचं हार्मोन) २४०, मुतखड्याचा जुना त्रास, हाडं ठिसूळ. स्कॅनमध्ये डावीकडची खालची ग्रंथी वाढलेली दिसली, तेवढीच काढली. काढल्यावर दहा मिनिटांनी तिथेच रक्त तपासलं, पीटीएच ३८. सर्जन खूश, आम्हीही.

परवाचा रिपोर्ट: कॅल्शियम ९.१, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ०.९ म्हणजे ठीक, डी जीवनसत्त्व १४ म्हणजे कमी, आणि पीटीएच ९६ (लॅबची वरची मर्यादा ६५). तो ९६ ठळक छापलेला, त्यामुळे घरात नुसता गोंधळ. मामा म्हणतोय, दुसरी गाठ राहिली, आजच स्कॅन करा. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे.

गाठ खरंच राहिली असेल का? की ३८ चं ९६ व्हायला दुसरंही कारण असू शकतं? पोट जड होतं म्हणून आईने कॅल्शियमच्या गोळ्या मध्येच बंद केल्यात.

प्रतिसाद:
मी डॉक्टर नाही, पण याच ऑपरेशनमधून गेलेय आणि माझंही पीटीएच नंतर असंच वर गेलं होतं. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं. म्हणून दहा मिनिटांत ते निम्म्याहून खाली आलं की बिघडलेली ग्रंथी निघाली असं धरतात. आईंचं तर खूपच खाली आलंय. पुढे काय होतं, तर इतकी वर्षं झिजलेली हाडं कॅल्शियम ओढून घेतात. त्यात डी १४ आणि गोळ्याही बंद! मग उरलेल्या तीन ग्रंथी कॅल्शियम सावरायला जास्त हार्मोन सोडणारच. रोग राहिला असता तर सहसा कॅल्शियमही चढलं असतं. ऑपरेशन यशस्वी झालं का, हे सहा महिन्यांनी कॅल्शियम बघून ठरवतात, एकट्या पीटीएचवरून नाही. मामांना जरा थांबवा.

डॉक्टरांना डीच्या डोसबद्दल आणि गोळ्या परत सुरू करण्याबद्दल विचारा. पुढच्या तपासणीत कॅल्शियमसोबत अल्ब्युमिनही (रक्तातलं प्रथिन, कॅल्शियमचा आकडा त्यावरही अवलंबून असतो) करून घ्या. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. ॲसिडिटीचं औषध रोजचं असेल तर ती नीट शोषली जात नाही, तेव्हा कॅल्शियम सायट्रेट चालेल का तेही विचारा. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, हातपाय वळायला लागले, तर मात्र पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

धागाकर्ती:
मुंग्या सुरुवातीला यायच्या, आता नाहीत. आणि हो, ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल रोज सकाळी चालू आहे! डॉक्टरांना विचारायच्या यादीत लिहून ठेवलं. खूप आभार, ताई.