ग्रँड टूर: शिक्षण की श्रीमंती चैन?

ताम्रपट: सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडातले उमराव विशीच्या आसपासच्या मुलांना शिक्षक सोबत देऊन युरोपात धाडत, तीच ग्रँड टूर. कॅले, पॅरिस, आल्प्स ओलांडून तुरिन, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. माझ्या मते त्या काळातलं खरं शिक्षण हेच. लॉर्ड बर्लिंग्टन एक फेरी झाल्यावर १७१९ मध्ये पुन्हा इटलीत गेला, तो खास सोळाव्या शतकातला वास्तुकार पल्लादिओ याच्या इमारती बघायला. त्यातून लंडनजवळचं चिझिक हाऊस उभं राहिलं. नुसती पुस्तकं चाळून हे झालं असतं?

रोखठोक: साफ असहमत. बर्लिंग्टन किती निघाले? अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७६४ मध्ये ग्लासगोची प्राध्यापकी सोडली आणि ड्यूक ऑफ बक्लूचा शिक्षक म्हणून फ्रान्स गाठला. मोबदला वर्षाला ३०० पौंड, तोही तहहयात. हाच माणूस १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये लिहितो की पोरं परत येतात ती जास्त गर्विष्ठ आणि उधळी होऊन, अभ्यासाला निकामी. विद्यापीठांची पत गेली म्हणून ही प्रथा बोकाळली, असंही म्हणतो. घरच्या माणसाची साक्ष आहे ही!

ताम्रपट: पण त्याचाच शिष्य बघा ना. बक्लू पुढे एडिंबराच्या रॉयल सोसायटीचा पहिला अध्यक्ष झाला, स्मिथशी स्नेहही टिकला.

रोखठोक: स्मिथसारखा गुरू कितीजणांच्या नशिबी? आणि आल्प्समधल्या माँ सनीच्या घाटात काय चालायचं तेही बघा: बग्गी सुटी करून खेचरांवर लादायची, साहेब खुर्चीत, खुर्ची हमालांच्या खांद्यावर. पैसा कुळांच्या खंडाचा. त्याच घरातल्या बहुतेक मुली मात्र घरीच. सार्वजनिक शाळेवर यातला छदामही गेला नाही, माझा राग त्याचा आहे.

पंचगंगाकाठ: आपल्याकडचं उदाहरण राहिलंच. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथे छत्री आहे. त्यांची रोजनिशी छापलेली आहे. त्या मुलाची जिज्ञासा चैन म्हणून उडवून लावू नका.

रोखठोक: जिज्ञासेबद्दल वादच नाही. पण सोबत इंग्रज सरकारचे अधिकारी कॅप्टन वेस्ट होते, रोजनिशीही त्यांनीच संपादित केली. बक्लूला शिक्षक मिळाला, महाराजांना सरकारी पालक. त्याला ग्रँड टूर कसं म्हणायचं?

पंचगंगाकाठ: पालक सरकारी असला तरी बघणारे डोळे महाराजांचेच होते. आधी रोजनिशी वाचा, मग बोलू.