'मेथडिस्ट' ही टिंगल मराठीत कशी आणायची?

पाटीपेन्सिल
अठराव्या शतकातल्या इंग्लंडवरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. माणसं मुख्यतः तीन: जॉन वेस्ली, त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स आणि जॉर्ज व्हाइटफील्ड. अडलेय एका शब्दावर.

१७२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमधली काही मुलं एकत्र बसून ग्रीक नवा करार वाचायची, बुधवार-शुक्रवार उपास करायची, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची, दिवसाचा हिशोब वहीत मांडायची. बाकीच्यांनी अर्थातच नावं ठेवली. 'होली क्लब' म्हणाले, 'बायबलला लागलेली कसर' म्हणाले, आणि 'मेथडिस्ट' म्हणाले. टिकलं ते शेवटचं, पुढे तेच त्यांच्या ख्रिस्ती पंथाचं नाव झालं.

पहिल्या खर्ड्यात मी 'पद्धतवादी' लिहिलं. संपादकांनी लाल शाई ओढून परत पाठवलं: "हा कुठला पक्ष? मेथडिस्टच ठेवा." ठेवते, पण मग गंमत जाते. मराठी वाचकाला 'मेथडिस्ट' म्हटल्यावर चर्चची पाटी दिसते, चिडवणारी पोरं दिसत नाहीत. 'पद्धतशीर' म्हणावं तर आपल्याकडे तो कौतुकाचा शब्द. टोमणा वाटेल असं काही सुचतंय का? सोमवारी प्रकरण द्यायचंय.

कोपऱ्यातला
नेमकरी. वारी करतो तो वारकरी, माळ घालतो तो माळकरी, तसा नेम करतो तो नेमकरी. आपल्याकडे पंथांची नावं अशीच पडलीत, माणूस नेमानं काय करतो त्यावरून.

खारे_दाणे
नेमकरी म्हटल्यावर मला बंदूकवाला दिसला. शिवाय त्यात टोमणा कुठंय? वारकऱ्यांना चिडवायचं तेव्हा लोक 'टाळकुटे' म्हणायचे. तो जो 'कुटे' आहे ना, तो हवाय.

आडवी_रेघ
शिस्तखोर! 'खोर' लागला की चांगल्या शब्दाचाही कचरा होतो.

पाटीपेन्सिल
शिस्तखोर आवडला. पण पुढे हीच माणसं ते नाव स्वतःहून मिरवतात. १७४२ साली वेस्ली 'मेथडिस्ट कसा असतो' यावर पुस्तिकाच लिहितो. 'शिस्तखोर चर्च' कसं म्हणू?

कोरा_कागद
ताई, मुळात जाऊ या. ग्रीक 'मेथोडोस' म्हणजे मेता अधिक होदोस, वाटेमागून जाणं. आपली 'पद्धती' म्हणजे पद् अधिक हति, पावलांनी तुडवून झालेली वाट. 'पंथ' म्हणजेही वाटच. तेव्हा 'मेथडिस्ट पंथ' म्हणणं म्हणजे वाटवाल्यांची वाट म्हणण्यासारखं आहे. आपल्याकडे इतके बांधीव शब्द असताना परका शब्द कशाला? 'पद्धतिपंथी' करा. चार वेळा वाचला की रुळतो.

खारे_दाणे
काका, शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्याचं नाव 'कोरा कागद', आणि कागद आला फारसीतून!

कोरा_कागद
कागद मराठीत कित्येक शतकं आहे.

खारे_दाणे
आणि मेथडिस्ट? विल्यम टेलर हा मेथडिस्ट उपदेशक मुंबईत सभा घेऊ लागला १८७१ साली. दीडशे वर्षं होऊन गेली. शब्दाला रेशनकार्ड नक्की किती वर्षांनी मिळतं, तेवढं सांगा.

बरं, वेस्लीनं स्वतः इंग्रजी शब्दकोश काढलाय, १७५३ चा, आणि त्यात हा शब्द आहे. 'बायबलात घालून दिलेल्या रीतीनं जगणारा' असा काहीसा अर्थ दिलाय. वर हा जगातला सर्वोत्तम इंग्रजी शब्दकोश आहे असं आपल्याला वाटतं, हेही लिहून ठेवलंय. दोनच वर्षांनी जॉन्सनचा कोश आला. त्यात मेथडिस्टचा पहिला अर्थ वैद्य! पुस्तकी सिद्धान्तावर चालणारा वैद्य. हे 'नव्या प्रकारचे प्युरिटन' (म्हणजे कडक सोवळे प्रोटेस्टंट) दुसऱ्या क्रमांकावर. म्हणजे तेव्हाच्या शिकलेल्या माणसाला 'मेथडिस्ट' ऐकून आधी प्राचीन वैद्यांचा एक पंथ आठवत असणार. वेस्लीसुद्धा नावाचा उगम सांगताना त्या वैद्यांचा उल्लेख करतो.

कोपऱ्यातला
मग 'पोथीवैद्य' म्हणा.

पाटीपेन्सिल
नको, नको. वाचक आयुर्वेदात जाईल.

चाफ्याची_फांदी
आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, मेथडिस्ट नव्हे, तरी जरा बोलतो. चिडवायला दिलेलं नाव मिरवलं जाणं आपल्याला नवं नाही. उलटा प्रवासही आहेच की: 'महानुभाव'चं 'मानभाव' झालं आणि त्यातून 'मानभावी' म्हणजे ढोंगी. एखाद्या पंथाचं नाव शिवी म्हणून भाषेत राहिलं आणि बोलणाऱ्याला पत्ताही नाही. तेव्हा 'मेथडिस्ट'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात टिंगल उलगडा.

आमच्या शब्दांची बाहेर काय गत होते ते सांगतो. ऑफिसात एकदा म्हणालो, "रविवारी आमच्या मंडळीत जेवण आहे." शेजारचे साहेब म्हणाले, "अरे वा, सासुरवाडीला?" मंडळी म्हणजे चर्च, हे त्यांच्या गावीच नव्हतं. 'तारण' म्हटलं की बँकेतल्यांना कर्ज आठवतं, ते वेगळंच.

पण ताई, टोपणनावापेक्षा मोठा खड्डा पुढे आहे. 'रिव्हायव्हल'ला, म्हणजे विझलेली श्रद्धा पुन्हा पेटवणाऱ्या त्या लाटेला, काय लिहिलंय?

पाटीपेन्सिल
पुनरुज्जीवन.

आडवी_रेघ
कृपा करून नको! मराठीत 'पुनरुज्जीवनवाद' म्हणजे गेलेल्या वैभवाकडे परत चला असं म्हणणारे. १७३९ साली ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा खाणीतल्या मजुरांपुढे व्हाइटफील्ड उघड्यावर उभा राहिला, त्यांना कुठलं वैभव परत हवं होतं? त्यांच्याकडे धड चर्चही फिरकत नव्हतं. काळ्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ उतरलेले त्यानं पाहिले, असं वर्णन आहे. त्याला पुनरुज्जीवन म्हणणं म्हणजे जीर्णोद्धार समितीची पावती फाडण्यासारखं आहे.

कोरा_कागद
मग 'प्रबोधन'.

आडवी_रेघ
ते तर त्याहून वाईट. त्याच शतकातल्या बुद्धिवाद्यांच्या चळवळीलाही आपण 'प्रबोधन' म्हणतो. एकाच प्रकरणात तत्त्वज्ञ ह्यूमही प्रबोधनवाला आणि वेस्लीही? वाचक पुस्तक फेकून देईल.

चाफ्याची_फांदी
आमच्याकडे 'संजीवन सभा' म्हणतात. लहानपणी मंडप पडायचा, बाहेरगावचे उपदेशक यायचे, तीन रात्री. आजी मात्र 'जागृतीच्या सभा' म्हणायची.

पाटीपेन्सिल
संजीवन म्हटलं की मला हनुमान द्रोणागिरी घेऊन येताना दिसतो.

चाफ्याची_फांदी
ती तुमची अडचण आहे, शब्दाची नाही. :) आमच्या कानाला तो शब्द अगदी घरचा आहे.

गोधडी
मी बरीच वर्षं कार्डिफला आहे. वेल्श लोक रिव्हायव्हलला 'दिउगियाद' म्हणतात, आणि हाच शब्द ल्यूथरकालीन धर्मसुधारणेलाही वापरतात. म्हणजे त्यांच्या भाषेत मुळात 'सुधारणा'च. वेल्समध्ये १७३५ पासून हॉवेल हॅरिस आणि डॅनियल रोलंड हेच काम करत होते, वेस्लीच्या आधी. ताईंच्या प्रकरणात ते नाहीत वाटतं? असो. मराठीत 'सुधारणा' म्हणालात तर लोकांना आगरकर आठवतील, तेव्हा तो मार्गही बंद.

कोपऱ्यातला
जागर! अमेरिकेतल्या लाटेला 'ग्रेट अवेकनिंग' म्हणतात ना, तो 'महाजागर'.

खारे_दाणे
जागर म्हणजे जागं होणं नव्हे, रात्रभर जागं राहणं. देवीचा जागर. झोपेतून उठण्याची गोष्ट वेगळी.

कोपऱ्यातला
तेही बसतं की! किंग्जवुडचेच खाणमजूर आधी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढायचे. पालटल्यावर तीच रात्र प्रार्थनेत काढू लागले. वेस्लीला ते पटलं, आणि त्यातून 'वॉचनाइट'ची प्रथा आली. ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्याकडच्या चर्चमध्येही लोक जमतात, त्याचं एक मूळ इथे आहे. याला जागर नाही तर काय म्हणायचं?

खारे_दाणे
वॉचनाइटला जागर म्हणा, शंभर टक्के. रिव्हायव्हलला नाही.

पाटीपेन्सिल
मंडळी (ऑफिसवाल्या अर्थानं), मूळ प्रश्न मेथडिस्टचा होता. पण आता विषय निघालाच आहे तर दुसरा खड्डा दाखवते. विरोधकांचा या लोकांवरचा ठरलेला आरोप म्हणजे 'एन्थुझिअ‍ॅझम'. आज तो 'उत्साह', पण तेव्हा शिवी होती. जॉन्सनच्या कोशात त्याचा पहिला अर्थ देवानं आपल्याला खासगीत काही कळवलंय असा पोकळ समज. १७३९ साली ब्रिस्टलचे बिशप बटलर वेस्लीला तोंडावर म्हणाले, की पवित्र आत्म्याकडून विशेष साक्षात्कार आणि देणग्या मिळाल्याचा आव आणणं ही भयंकर गोष्ट आहे, फार भयंकर गोष्ट आहे. तिथे 'उत्साह' लिहिलं तर बिशप वेडा ठरतो.

ग्रीकमध्ये शब्दाचं मूळ 'आत देव असलेला'. मी 'अंगात येणं' लिहिलंय. शब्दाला शब्द बसतो, आणि तुच्छताही आपोआप येते. वेस्लीच्या सभांत माणसं थरथरायची, किंकाळ्या फोडायची, जमिनीवर कोसळायची. शिकलेल्या इंग्रजानं ते पाहून जे तोंड वाकडं केलं असेल, तेच आपल्याकडे "तिच्या अंगात येतं" म्हणताना होतं.

आडवी_रेघ
हे आतापर्यंतचं सगळ्यात भारी.

चाफ्याची_फांदी
आमच्या आजीनं हे वाचलं असतं तर ताट बाजूला सारून उठली असती. १९०५ मध्ये केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तीसदनात, मुली रात्र रात्र रडत पापं कबूल करत होत्या. वेल्सच्या १९०४ च्या रिव्हायव्हलची बातमी तिथवर पोचली होती. त्याला कुणी 'अंगात आलं' म्हणालं तर आम्हाला ते लागतं. आमच्या बोलीत आत्मा 'उतरतो', देवी 'अंगात येते'. दोन्ही क्रियापदं आम्ही चुकूनही बदलत नाही.

पाटीपेन्सिल
पण दादा, हे विरोधकाच्या तोंडी आहे. त्यानं लागेल असंच बोलायला हवं ना?

चाफ्याची_फांदी
विरोधकाच्या तोंडी असेल तर हरकत नाही. निवेदनात नको.

पाटीपेन्सिल
कबूल. निवेदनात 'उन्माद'ही काढते.

सुपारी
व्हाइटफील्ड म्हणजे बंगळुरूमधलं ते आयटीवाल्यांचं? त्याच्याच नावावरून का?

खारे_दाणे
नाही हो, ते व्हाइट आडनावाच्या एका अँग्लो-इंडियन गृहस्थावरून. हा ग्लॉस्टरच्या खानावळवाल्याचा मुलगा. आणि उच्चार 'व्हिटफील्ड', ताईंनी बदलावा. आवाज असा, की फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं मागे मागे चालत जाऊन हिशोब केला, की तीस हजार माणसांना ऐकू जाईल. लाउडस्पीकर नसताना! आमच्या गल्लीतल्या मंडळाला कळवायला हवं.

कोरा_कागद
हे सगळं ठीक, पण 'उघड्यावरचा उपदेश' हे काय आहे? 'उघड्यावर' मराठीत फक्त एकाच संदर्भात चालतं. 'मैदानी प्रवचन' म्हणा.

पाटीपेन्सिल
काका, तो वासच हवाय मला. इंग्लंडच्या चर्चचा नेमलेला, ऑक्सफर्डचा फेलो असलेला माणूस मोकळ्या रानात उभा राहून बोलतो, ही तेव्हा अब्रू जाण्याची गोष्ट होती. व्हाइटफील्डनं (व्हिटफील्ड करते) बोलावून घेतलं तरी वेस्ली बिचकत होता. २ एप्रिल १७३९ ला शेवटी ब्रिस्टलबाहेर उभा राहिला, समोर सुमारे तीन हजार माणसं. रोजनिशीत लिहितो, की आज मी आणखी 'व्हाइल' व्हायला तयार झालो. तिथे मी 'आणखी हलका व्हायला मान तुकवली' केलंय. बायबलातला दावीद राजा देवाच्या पवित्र पेटीपुढे (कराराच्या कोशापुढे) नाचला आणि बायकोनं हिणवलं, तिला दिलेल्या उत्तरातला तो शब्द आहे.

सुपारी
हलका म्हणजे वजनानं?

पाटीपेन्सिल
'हलक्या घरचा' मधला हलका.

गोधडी
'क्लास'ला काय केलंत? १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या इमारतीचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट केले, दर आठवड्याला माणशी एक पेनी. नंतर तेच गट एकमेकांच्या वागण्याची विचारपूस करायचं साधन झाले.

पाटीपेन्सिल
'वर्ग'. संपादकांनी 'कुठली इयत्ता?' असं विचारलंय.

खारे_दाणे
ही तर भिशी.

कोरा_कागद
भिशीत पैसे परत मिळतात. ही वर्गणी.

आडवी_रेघ
वर्गाची ती वर्गणी. काका आज फॉर्मात.

पाटीपेन्सिल
सोमवार झाला, प्रकरण गेलं. मेथडिस्ट तसंच ठेवलं, चिडवणाऱ्यांच्या तोंडी एकदा 'हे नवे शिस्तखोर' घातलं. रिव्हायव्हलला 'जागृती' केलं, मनापासून नाही. 'अंगात येणं' बिशपाच्या तोंडी राहिलं, 'हलका'वर संपादकांचं प्रश्नचिन्ह आहे. विनातक्रार पास झाला तो एकच शब्द, 'बायबलला लागलेली कसर'.

कोरा_कागद
पद्धतिपंथी मात्र घेतला नाहीत.

सुपारी
कसर कपड्यांना लागते ना? पुस्तकाला वाळवी.

कोपऱ्यातला
वाळवी लाकडाला. पुस्तकाला कसरच.

सुपारी
आमच्या कोकणात पुस्तकालाही वाळवीच लागते. आजोबांची अख्खी पेटी गेली.

खारे_दाणे
पेटी लाकडाची होती का?